आजोबांचा हात आधी दाखव

अगं पोरी,

आजोबा दुकानांचे बोर्ड रंगवतात त्यावरची तुझी फिल्म बघितली. आधी मोबाईलवर बघितली, मग म्हटलं असं नको, पेनड्राइव्ह टीव्हीला लावून परत बघितली, आणि काल रात्री जेवण झाल्यावर तिसऱ्यांदा, म्हणून उत्तराला चार दिवस लागले, रागावू नकोस. फ्रेम चांगल्या आहेत तुझ्या, खरंच चांगल्या आहेत. पत्र्यावर पडलेलं सकाळचं ऊन, टर्पेंटाइनच्या डब्यात उभे केलेले ब्रश, आजोबांच्या नखात कायमचा बसलेला लाल रंग, हे बघणारा डोळा तुझ्याकडं आहे आणि तो कुठल्या कोर्सला जाऊन मिळत नाही. पण तू जे विचारलंस ना, की काका आता गोष्टबिष्ट कशाला पाहिजे, ड्रामा म्हणजे जुन्या नाटकांचं काम, मला फक्त आयुष्य आहे तसं दाखवायचंय, ते काही मेसेजमध्ये मावणारं उत्तर नव्हतं, म्हणून हे पत्र.

सरळ सांगतो. २२ मिनिटांच्या फिल्ममध्ये नवव्या मिनिटाला माझं लक्ष उडालं. तिन्ही वेळा, तिथंच. आजोबा रंग कालवतायत, छान दिसतंय, मागं बासरी वाजतेय, आणि मला कळेना की मी कशाची वाट बघतोय. मग एकदम शेवटी तू सांगतेस की हा त्यांचा शेवटचा बोर्ड होता, उद्यापासून दुकानात फ्लेक्सचं मशीन येणार. म्हणजे सगळ्यात मोठी गोष्ट तू खिशात ठेवलीस आणि जाताजाता हातावर टेकवलीस. मला ती आधी ठाऊक असती तर तो रंग कालवतानाचा प्रत्येक फेरा मी श्वास धरून बघितला असता की गं.

तू अंबाबाईच्या देवळात किरणोत्सवाला लहानपणापासून जातेस, तेच आठव. नोव्हेंबरात आणि परत जानेवारी संपताना, मावळतीचं ऊन महाद्वारातनं आत शिरतं. गाभाऱ्यातले लाइट बंद करतात. खरं बघायला गेलं तर काय होतं तिथं, ऊन सरकतं, एवढंच. ऊन तर रोज तुमच्या घराच्या फरशीवरनं पण सरकतं, तिथं कोण बघत बसतं का? पण देवळात हजारो माणसं उभी असतात आणि प्रत्येकाला ठाऊक असतं की किरणांना कुठं पोचायचंय. गरुड मंडप झाला, कासव चौक आला, पितळी उंबरा ओलांडला, चांदीच्या उंबऱ्याशी आलं, आणि प्रत्येक टप्प्याला पुटपुटणं चालू असतं, पोचतंय काय, ढग आला बघ, आज काय खरं नाही. कारण आड येणारं पण सगळ्यांना ठाऊक असतं, ढग, हवेतला धुरळा, रस्त्यावरच्या उंच इमारती, आणि हातात असतात मोजकी मिनिटं, सूर्य काय थांबत नाही. पहिल्या दिवशी मूर्तीचे चरण, दुसऱ्या दिवशी मध्यावर, तिसऱ्या दिवशी मुखावर. आणि मुखावर किरण पडलं की जो आवाज उठतो तो तू ऐकलायस. ज्या वर्षी ढगानं किरणं गुडघ्यावरच विरली त्या वर्षीची घरी जाणारी माणसं पण तू बघितली असशील, गप्प, चपला शोधत. ते पण नाट्यच आहे.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात कार्याच्या पाच अवस्था सांगितल्यात, आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम. नावं जड आहेत पण तू ती किरणोत्सवाशेजारी ठेवून बघ. यातला मला सगळ्यात आवडतो तो प्राप्त्याशा, म्हणजे आता मिळेलसं वाटायला लागतं पण अजून हातात काही नाही. कासव चौकात ऊन आलेलं असतं ना, ते. मी इतकी वर्षं एडिटिंग टेबलवर बसतोय आणि माझं निम्मं काम एवढंच असतं, की तो मधला काळ किती वेळ ताणता येतो ते बघायचं. गोष्ट म्हणजे काय झालं, मग काय झालं. आणि नाट्य म्हणजे कुणाला तरी काहीतरी पाहिजे, आड काहीतरी येतंय, आणि बघणाऱ्याला हे दोन्ही आधीच ठाऊक आहे. तुझ्या फिल्ममध्ये गोष्ट आहे, नाट्य नाही.

तू म्हणशील शेवट आधीच सांगितला तर मजा काय राहिली. अगं, महाभारतातली कीचकाची गोष्ट घे. विराटाच्या नृत्यशाळेत अंधारात पलंगावर भीम पडलाय, आणि कीचक नटूनथटून, सैरंध्रीला, म्हणजे वेष पालटलेल्या द्रौपदीला, भेटायला म्हणून येतो. आपल्याला ठाऊक, त्याला नाही. एवढ्यावर तो प्रसंग हजारो वर्षं चाललाय. खाडिलकरांनी १९०७ साली त्यावर नाटक केलं तर लोकांना कीचकात इंग्रजांचा व्हाइसरॉय राहिलेला कर्झन दिसायला लागला आणि सरकारनं १९१० ला त्यावर बंदी घातली. गोष्ट आजीनं सांगितलेलीच होती की, एकही बातमी नवी नव्हती, तरी सरकार घाबरलं! आणि आपल्या बाबूराव पेंटरांनी १९२० साली पहिला सिनेमा काढला तो कुठला, सैरंध्री. ज्या माणसानं नाटकांचे पडदे रंगवून आयुष्य सुरू केलं, स्वतःचा कॅमेरा इथंच कोल्हापुरात तयार करवला, त्याला सुंदर चित्र कसं काढायचं हे कुणी सांगायला नको होतं. तरी त्यानं पहिल्यांदा उचलला तो प्रसंग हा. हिचकॉकचा टेबलाखालचा बॉम्ब तू यूट्यूबवर बघितला असशीलच, माणसं गप्पा मारतायत आणि खाली बॉम्ब आहे हे फक्त आपल्याला ठाऊक. बॉम्ब अचानक फुटला तर दचकणं क्षणाचं, आधी दाखवला तर सगळा सीन धडधडत राहतो. आपला पलंगावरचा भीम तोच.

आता तुझ्या फूटेजवर येतो. रॉ फाइल्स पाठवल्यास हे फार बरं केलंस, कारण मला त्यात एक गोष्ट सापडली जी तू कापून टाकलीस. तिसऱ्या दिवसाच्या शूटमध्ये, दुपारच्या क्लिपमध्ये, आजोबा ब्रश उचलतात, हात थरथरतो, ते ब्रश खाली ठेवतात आणि हात सदऱ्याच्या खिशात घालतात. मग कॅमेऱ्याकडं, म्हणजे तुझ्याकडं बघतात आणि म्हणतात चहा सांग. आठ-नऊ सेकंद असतील. तू ते का काढलंस मला कळतं, तुझे आजोबा आहेत, तुला त्यांचा हात असा दाखवायचा नव्हता. पण पोरी, तुझी सगळी फिल्म त्या खिशात आहे.

हा शॉट पहिल्या दोन मिनिटांत लाव. आणि त्याच्या मागंपुढं कुठंतरी गिऱ्हाइकाचा फोन, सहाला बोर्ड न्यायला येतो म्हणून, तो ऑडिओ पण आहे तुझ्याकडं. बाकी काही बदलू नकोस. तोच रंग कालवणं, तेच खडूनं रेघा आखणं, तोच हाताखाली काठी टेकवून अक्षर भरणं. मग बघ काय होतं. शंभर वर्षांपूर्वी रशियात कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकानं एकाच नटाचा एकच चेहरा सुपाच्या ताटलीशेजारी, शवपेटीशेजारी आणि बाईशेजारी लावून दाखवला, तर लोकांना त्यात भूक, दुःख आणि ओढ असं वेगवेगळं दिसलं, चेहरा तोच होता. तुझं पण तसंच होणार, शॉट तेच पण आता प्रत्येक वेळी ब्रश उचलला की माझा जीव वर-खाली होणार.

आणि शिरोरेघ! आजोबा शिरोरेघ सगळ्यात शेवटी ओढतात हे मला तुझ्याच फूटेजमधनं कळलं. अक्षरं सगळी खाली लोंबकळल्यासारखी दिसतायत, आणि मग डावीकडनं उजवीकडं, मधे न थांबता, पाच फूट. तू त्यात तीन कट मारलेस. एक हात, एक डोळे, एक परत हात. कट मारलास की बघणाऱ्याला वाटतं मधे कधीतरी सावरून घेतलं असेल. कट काढ. वाइड शॉट आहे तुझ्याकडं, थोडा हलतोय, हलू दे. सगळी रेघ एका दमात दाखव. आम्हाला ठाऊक आहे तो हात थरथरतो, आम्हाला ठाऊक आहे सहा वाजत आलेत, आणि रेघ अजून अर्ध्यात आहे. कासव चौक.

ड्रामा म्हणजे आरडाओरडा ही भीती मात्र डोक्यातनं काढ. मी तुझ्या वयाचा असताना राज्य नाट्य स्पर्धेत केशवराव भोसले थिएटरला पहिलं नाटक केलं, बाप-लेकाचं भांडण, पडदा उघडल्यापासून दोघं ओरडतायत. विंगेत उभा राहून मला खुर्च्यांचे आवाज ऐकू येत होते, आणि मला वाटत होतं अजून मोठ्यानं बोलायला पाहिजे. त्याच हिवाळ्यात शेजारी खासबाग मैदानात कुस्ती बघायला गेलो. दोन पैलवान डोक्याला डोकं लावून नुसती खडाखडी करतायत, मनगट धरतायत, सोडवतायत, पाच मिनिटं, सात मिनिटं, डाव एक नाही, आणि सबंध मैदान गप. कुणी उठत नाही. कारण कुणाला काय पाहिजे हे शेवटच्या पायरीवरच्या पोराला पण ठाऊक आहे, समोरच्याची पाठ मातीला. तिथं बसून मला माझ्या नाटकातली चूक कळली, माझ्या बापाला लेकाकडनं नेमकं काय पाहिजे होतं हेच मी लिहिलं नव्हतं. शाहू महाराजांनी १९१२ ला मैदान बांधलं आणि १९१५ ला त्याला लागून थिएटर, मी आपला कायम मानत आलोय की त्या दोघांनी एकमेकांकडनं शिकावं अशीच ती जागा आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये थिएटर जळालं त्या रात्री मी बाहेर रस्त्यावर उभा होतो, त्याबद्दल परत कधीतरी.

तुझा एक मुद्दा मात्र मला पटतो, की सगळ्या कलेला हे लागत नाही. अबालाल रहिमान यांची निसर्गचित्रं बघ, पाणी, झाडं, उजेड, कुणाचं कुणाशी काही नाही, आणि तरी समोरनं हलवत नाही. पण तिथं किती वेळ उभं राहायचं हे बघणारा ठरवतो. सिनेमात तो वेळ तू ठरवतेस, त्याच्या २२ मिनिटांचा हिशोब तुझ्याकडं आहे. आणि चित्रातसुद्धा बघ, रविवर्म्यांची शकुंतला पायातला काटा काढायच्या निमित्तानं मागं वळून बघते. दुष्यंत चित्रात नाहीच. काटा पण बहुतेक नाहीच. पण तिला काय पाहिजे ते एका मानेच्या वळणात कळतं, आणि सख्या बघतायत म्हणून सरळ वळता येत नाही हे पण कळतं. पाहिजे आणि आड येणारं, दोन्ही एका फ्रेममध्ये. तुझ्या आजोबांचा खिशातला हात या जातीचा आहे, म्हणून इतका जीव तोडून सांगतोय.

बासरी काढ. त्या जागी दुकानातला आवाज ठेव, रस्त्यावरचे हॉर्न, पत्र्यावर ब्रश घासतो तो बारीक आवाज. रंकाळ्याचा ड्रोन शॉट पण काढ, सुंदर आहे पण आजोबा तिथं नाहीत.

एक काम एडिटच्या आधी कर. तो खिशातला शॉट आजोबांना दाखव, त्यांना विचार ठेवू का म्हणून. नको म्हणाले तर ठेवायचा नाही, मग आपण दुसरं काहीतरी शोधू, मी बसतो तुझ्याबरोबर. हो म्हणाले तर रविवारी हार्ड डिस्क घेऊन ये, दहाच्या आत ये म्हणजे मिसळ खाऊन बसता येईल. आणि तो बोर्ड कुठल्या दुकानाचा होता ते पण विचारून ये, तुझ्या एकाही फ्रेममध्ये मला सगळं नाव वाचता आलेलं नाही.

तुझा,
काका