परदेशात ज्येष्ठ मिशनरी दाम्पत्य म्हणून जावं का? जावं, पण "पत्नीही" म्हणून नको

प्रश्न असा आहे: "वय ६३, बँकेतून निवृत्त. ज्येष्ठ मिशनरी दाम्पत्य म्हणून दीड वर्ष परदेशात सेवेला जायचा विचार आहे. पत्नीही तयार आहे. खर्च, व्हिसा, तब्येत यांचं कसं जमवावं? आणि या वयात जावं का?"

जावं. आम्ही गेलो होतो, ऑगस्ट २०१८ ते जानेवारी २०२०, केनियात मोंबासाला. हे तेव्हा ६४ चे, मी ६१ ची. खर्चाचं पुढे सांगते. आधी तुमच्या "पत्नीही तयार आहे" बद्दल बोलू द्या. तुम्ही सहज लिहिलं असणार, पण तो 'ही' वाचल्यापासून मला चैन नाही, म्हणून पहाटे उठून लिहायला बसले आहे.

मी महापालिकेच्या रुग्णालयात ३४ वर्षं नोकरी केली. त्यातली १९ प्रसूती वॉर्डात, शेवटी सिस्टर इन्चार्ज. हे शाळेत गणित शिकवायचे आणि पाळकसाहेब गावाला गेले की आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासना चालवायचे. सेवेला जायची कल्पना माझी होती. संस्थेचा पत्ता मी काढला, पहिलं पत्र मी लिहिलं. पण मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीपुढे विषय आला तेव्हा शिफारसपत्रात नाव गेलं ते यांचं, आणि पुढे दोनच शब्द, "व पत्नी". माझे मोठे दीर तेव्हा पंच होते. मी विचारलं, "दादा, माझ्या कामाचं काही लिहिलं नाही का?" म्हणाले, "तू सोबत आहेसच की. त्याच्या खाण्यापिण्याचा प्रश्न मिटला, आम्हालाही काळजी नाही." आणि वर, "सेवाच करायची तर इथे धारावीत काय कमी कामं आहेत?" चहा आला, विषय संपला. माझ्यासाठी तो आजही संपलेला नाही.

शिफारसपत्रातलं तेच पुढे परवान्यात उतरलं. केनियात धार्मिक आणि सेवाभावी कामासाठी वेगळा परवाना असतो, त्याला क्लास आय म्हणतात. तो यांच्या नावाने निघाला. मला मिळाला डिपेंडंट पास, म्हणजे नवऱ्यावर अवलंबून असलेली बायको. त्या पासवर नोकरी करता येत नाही. शिवाय तिथल्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी नसेल तर परदेशी नर्सने रुग्णाला हात लावायचा नाही, हा नियम योग्यच आहे आणि मी तो शेवटपर्यंत पाळला. पण सहा महिने आधी कोणी माझ्या नावाने कागद हलवले असते तर नोंदणी करता आली असती.

आम्ही राहिलो ते मोंबासा बेटाच्या समोर, खाडीपलीकडे फ्रीअर टाउनमध्ये. हे नाव ऐकून मी चमकले होते. आपल्याकडे पी. डिमेलो रोडला आधी फ्रीअर रोड म्हणत, ते हेच बार्टल फ्रीअर, १८६२ ते १८६७ मुंबईचे गव्हर्नर. अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडली जायची, त्यांतून सुटलेली आफ्रिकी मुलं मुंबईला उतरवायचे. त्यातली बरीच मुलं नाशिकजवळ शरणपूरला मिशनच्या आश्रमात वाढली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. १८६४ मध्ये विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे शरणपूरचे दोघे मोंबासाजवळ राबईला सेवेसाठी परत गेले. आफ्रिकेत वारलेले मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांचा मृतदेह इंग्लंडपर्यंत पोचवणारा जेकब वेनराइट शरणपूरचाच. १८७५ मध्ये फ्रीअर टाउन वसलं तेही सुटका झालेल्या गुलामांसाठीच. तिथे एक घंटा उभी आहे. गुलाम पकडणारे आले की ती वाजवून लोकांना सावध करायचे. त्या नाक्याला केंगेलेनी म्हणतात, म्हणजे घंटेपाशी. भाजी आणायला मी रोज तिथूनच जायचे.

दादांच्या धारावीला माझं उत्तर तिथे मिळालं. नाशिकचं पाणी प्यालेली माणसं दीडशे वर्षांपूर्वी तिथे जाऊन राबली. आणि अमेरिकेत कामं नव्हती म्हणून मिशनरी सिंथिया फरार १८२७ साली मुंबईला आल्या होत्या का? त्यांनी आधी मुंबईत आणि मग नगरला मुलींच्या शाळा चालवल्या, सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते त्यांच्याच हाताखाली. फरारबाई अविवाहित आल्या होत्या. त्या कुणाच्या 'सोबत' नव्हत्या. माझी आजी नगर जिल्ह्यात बायबलबाई होती, बायकांना बायबल सांगत पायी गावं फिरायची, तीही विधवा. नवरा असला की बाईचं काम कुठे जातं, हे मला कोणीतरी सांगावं.

आता मूळ गोष्ट. पहिला महिना मी खरोखरच डबे केले. मग तिथल्या चर्चमधल्या बायकांना म्हटलं, बाळंतपण आणि लहान मुलांचे आजार यावर आपण दर आठवड्याला बोलू. मला स्वाहिली तोडकीमोडकी यायची. तशी ती आपल्याला परकी वाटत नाही, दुकानाला दुका, पैशाला पेसा, हिशोबाला हेसाबू, साखरेला सुकारी. मी रविवारी उपासनेनंतर उभी राहिले आणि सांगितलं, "जुमातानो, सा तातू." बुधवारी तीन वाजता.

बुधवारी पावणेतीनला जाऊन सतरंजी अंथरली, तक्ते लावले. कोणी नाही. पाचपर्यंत बसले. पुढच्या बुधवारी पुन्हा तसंच. रविवारी बायकांचे हात माझ्या हातात नुसते टेकून निघून जायला लागले. हे म्हणाले, "त्यांना नको असेल, तू मनाला लावून घेऊ नकोस." मला मात्र दादांचा आवाज ऐकू यायला लागला.

मग एक म्हातारी घरी आली. सगळे तिला बीबी म्हणत. तिथे बीबी म्हणजे आजी. तिने माझं मनगट धरलं, घड्याळ वर केलं आणि काचेवर नऊच्या आकड्यावर बोट ठेवलं. मग ते बोट सरळ काचेवरून ओढत समोरच्या तीनवर आणलं. "सा तातू," म्हणाली. नख वाढलेलं होतं, काचेवर करकर आवाज झाला, तो आठवतो मला.

तिथे दिवस सूर्य उगवल्यापासून मोजतात. मोंबासा विषुववृत्ताजवळ, वर्षभर उजाडायची वेळ साधारण तीच. सकाळी सातला पहिला तास, नऊला तिसरा. आपल्या घड्याळात काटा जिथे असतो त्याच्या बरोबर समोरचा आकडा बोलायचा. बायका दोन्ही बुधवारी सकाळी नऊला आल्या होत्या, कडेवर मुलं घेऊन, आणि मुंबईची बाई बोलावून येत नाही म्हणून दुपारी घरी गेल्या होत्या. एकीचा तर दोन्ही दिवसांचा रोज बुडाला होता. मी बीबीबरोबर त्याच संध्याकाळी घरोघर गेले आणि माफी मागितली. वॉर्डात औषधाच्या वेळेची चूक मी कुणाला कधी माफ केली नव्हती. तिथे पाकिटावर नुसतं आठ लिहिलं तर आजीबाई ते औषध दुपारी दोनला घेईल, हे मला तेव्हा कळलं.

शेवटच्या घरी स्वयंपाक चालू होता. खोबरं खवायला त्यांच्याकडे बुटकं लाकडी बैठं असतं, पुढे दातेरी पातं. त्याला म्बुझी म्हणतात, बकरी. हुबेहूब आपली खवणी. मी न विचारता त्यावर बसले आणि दोन नारळ खवून दिले. म्बाझी म्हणजे तूर, ती नारळाच्या दुधात शिजवतात, तिच्यासाठी हवे होते. त्यानंतर बुधवार कधी रिकामा गेला नाही. जुलाबात मुलाला द्यायचं पाणी आधी शिकवलं, एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा सपाट म्हणजे सपाट, हे मी प्रत्येकीकडून करून घेतलं, कारण मीठ जास्त झालं तर मूल दगावू शकतं. बाळंतिणीचं अंगावरून किती गेलं की थांबायचं नाही, लगेच गाडी बोलवायची, तेही शिकवलं. मार्च २०१९ मध्ये त्यातल्या एकीने आपल्या जावेला त्या शिकवणीवरून वेळेत दवाखान्यात नेलं. जाऊ वाचली. मी त्या रात्री यांच्यासमोर रडले.

आणि जूनमध्ये टेबलावर यांनी संस्थेला पाठवायला लिहिलेला अहवाल मला दिसला. चार पानं. बायबल वर्ग, तरुणांचा गणिताचा वर्ग, छपराची दुरुस्ती. शेवटून दुसऱ्या ओळीत, "पत्नीचीही साथ लाभली."

आमच्या संसारात इतकं भांडण कधी झालं नव्हतं. हे वाईट माणूस नाहीत. यांना खरंच वाटत होतं की अहवाल असेच लिहितात. मी म्हटलं, "दादांनी म्हटलं ते मी सहन केलं, तुम्ही डोळ्यांनी सगळं बघून तेच लिहिलंत." तीन दिवस आम्ही कामापुरतं बोललो. चौथ्या दिवशी हे मला न्यालीला घेऊन गेले, क्राफ यांच्या स्मारकाजवळ. जर्मन मिशनरी योहान क्राफ १८४४ मध्ये मोंबासाला आले, त्यानंतर काही महिन्यांतच त्यांची बायको रोझिना आणि नुकतीच जन्मलेली मुलगी, दोघी तापाने गेल्या. दोघींची कबर तिथे आहे. पूर्व आफ्रिकेतल्या मिशनचा कुठलाही इतिहास क्राफ यांच्यापासून सुरू होतो. हे बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "घरी जाऊन पुन्हा लिहितो." लिहिलंही. दोन्ही नावांनी, माझ्या कामाची दीड पानं मीच सांगितली. पण तोवर पहिली प्रत मेलने मुंबईला गेली होती आणि आमच्या मंडळीत रविवारी तीच वाचली गेली. दुसरी कोणी वाचली नाही. परत आल्यावर आमच्यासाठी उपकारस्तुतीची उपासना ठेवली, शाल यांना, मला नारळ. दादा भेटले की अजून म्हणतात, "कशी होती ट्रिप?"

म्हणून तुम्हाला सरळ सांगते. संस्थेच्या पत्रात दोघांची नावं आणि दोघांची वेगवेगळी कामं लिहिलेली नसतील तर जाऊ नका. परवाना दोघांच्या नावाने मागा. जास्त फी पडली तर पडू द्या. तुमच्या मिसेस काय करत होत्या, त्यांना तिथे काय करायचंय, हे तुमच्या प्रश्नात कुठेच नाही.

खर्चाचं. आम्हाला मानधन नव्हतं. राहायची जागा चर्चची, बाकी तिकीट, विमा, खाणं सगळं आमच्या पेन्शनमधून. संस्थेसंस्थेत फरक असतो, लेखी विचारा. साठीनंतर प्रवासी विमा महाग पडतो आणि आधीचे आजार लपवलेत तर ऐनवेळी पैसे मिळत नाहीत. यांचा रक्तदाब आणि माझी साखर आम्ही फॉर्मवर लिहिली होती. पेन्शनसाठी हयातीचा दाखला कसा पाठवायचा ते निघण्याआधी कार्यालयात विचारून घ्या. मोंबासाला भारताचं सहायक उच्चायुक्तालय आहे, आमचं काम तिथे झालं.

एक गोष्ट खरं तर सर्वांत आधी लिहायला हवी होती. आफ्रिकेत जाणार असाल तर पिवळ्या तापाच्या लसीचं बघा. केनियाहून परतताना भारतात तिचं प्रमाणपत्र मागतात, नसेल तर वेगळं ठेवतात. लस निदान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रावरच मिळते, आणि एकदा घेतली की प्रमाणपत्र जन्मभर चालतं. पण साठीनंतर पहिल्यांदा घेणाऱ्यांना तिचा गंभीर त्रास व्हायची शक्यता जास्त असते. तेव्हा आपल्या डॉक्टरांना सगळी औषधं दाखवल्याशिवाय घेऊ नका. त्यांनी नको म्हटलं तर दुसरा देश निवडा, नेपाळ निवडा.

नातवंडांचं तुम्ही विचारलं नाही, पण जड जातं. तिथली मुलं आम्हाला बघून "शिकामू" म्हणायची. तो नमस्कार फक्त मोठ्यांना करतात, त्यावर "मराहाबा" म्हणायचं. माझा नातू तेव्हा तीन वर्षांचा होता, फोनवर त्याला हे शिकवलं. आता नऊ पूर्ण झाली त्याला, अजून दारातून आत येताना तसंच म्हणतो.

मिसेसना हे उत्तर वाचायला द्या. त्यांनी स्वतः प्रश्न विचारला तर मी पुन्हा लिहीन.