वीस वर्षं बंद असलेली राजदूत ३५० पुन्हा रस्त्यावर आणायची आहे; सुरुवात कुठून करू, आणि रोज वापरता येईल का?

सगळ्यात आधी किक मारणं थांबवा.

तुम्ही लिहिलंय की काकांची १९८६ ची गाडी पडवीत वीसेक वर्षं उभी आहे, इंजिन फिरतंय, आणि मेकॅनिक म्हणतोय की कार्बोरेटर धुऊन नवे प्लग टाकले की संध्याकाळपर्यंत चालू करून देतो. देईलही. टू-स्ट्रोक इंजिन कुठल्याही अवस्थेत एकदा भडकून दाखवतं. पण मग विसाव्या किलोमीटरला, बरोब्बर ॲक्सिलेटर मोकळा केल्यावर, पिस्टन जाम होतो आणि मागचं चाक घसटत जातं.

ही नावाचीच राजदूत. आत यामाहाची आरडी ३५० आहे, एस्कॉर्ट्सने १९८३ पासून फरिदाबादला बनवलेली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर. आधीची ‘हाय टॉर्क’ साडेतीस हॉर्सपॉवरची, नंतरची ‘लो टॉर्क’ सत्तावीसची. तुमची बहुधा लो टॉर्क असेल. त्यावरून चारजण चेष्टा करतील, त्यांना करू द्या. दुरुस्ती दोन्हींची सारखीच.

या इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या खालच्या पेटीत जातं, तिथे दाबलं जातं आणि मग वर सिलिंडरमध्ये येतं. म्हणजे क्रँककेस हवाबंद असणं हाच त्याचा प्राण. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी सील असतात आणि उभ्या गाडीत ते वाळून कडक होतात. उजवीकडचं, म्हणजे क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअरचं ऑइल आत ओढलं जातं: पांढरा धूर, प्लग ओला, आणि कुठेही गळती नसताना गिअर ऑइल कमी. हे निदान डोळ्यांना दिसतं तरी. डावीकडचं, डायनॅमोच्या बाजूचं सील मात्र गुपचूप मारतं. तिथून बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), इंजिन उलट जास्तच तरतरीत वाटतं, ॲक्सिलेटर सोडला तरी रेस पटकन खाली येत नाही. मालक खूश असतो. एकाच सिलिंडरचा प्लग पांढराफटक निघाला तर समजा दिवस भरत आले. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर भेगाळलं तरी हीच लक्षणं.

म्हणून पहिलं काम लीक टेस्टचं. दोन्ही सायलेन्सर काढून एक्झॉस्टची तोंडं रबराने घट्ट बंद करा, एका बाजूचं कार्बोरेटरचं रबर बंद करा, दुसऱ्यातून नळी घालून हवा भरा. दोन्ही प्लग लावलेले असू द्या. दोन सिलिंडरच्या मधलं सील लॅबिरिंथ जातीचं, म्हणजे रबराऐवजी नुसत्या खाचांचं असल्यामुळे हवा हळूहळू दोन्हीकडे पसरते. ‘एकच बाजू तपासतो’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. हवा भरायला डॉक्टरकडचं बीपी मोजायचं जुनं यंत्र झकास चालतं: २६० मिलिमीटर म्हणजे साधारण ५ पीएसआय, त्याहून जास्त लागत नाही. काटा काही मिनिटं जवळपास जागेवर राहिला पाहिजे. पडला तर साबणाचं पाणी सोडा, बुडबुडे पत्ता सांगतात. कुठलाही मेकॅनिक चांगला की कसा हे मी एवढ्यावरच ठरवतो. या टेस्टला हसणाऱ्याच्या हातात आरडी देऊ नये.

तुमच्या बाबतीत मात्र टेस्ट पास झाली तरी इंजिन उघडावंच लागेल असं मला वाटतं. वीस पावसाळे पडवीत काढलेल्या क्रँकच्या बिग एंड बेअरिंगला (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाच्या) गंज धरलेला असतो, आणि तो कोरडा फिरवला की रोलरला खड्डे पडतात. म्हणून किक नको म्हटलं. प्लगच्या भोकातून दोन्हीकडे थोडं टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल सोडून ठेवा आणि राहू द्या.

हा क्रँक प्रेसवर दाबून जोडलेला असतो. कनेक्टिंग रॉडचं किट बदलायचं तर तो सुटा करून, पुन्हा दाबून, डायल गेजवर सरळ करावा लागतो. इथे मिलिमीटरच्या शंभरातल्या तीनचार भागांचाच फरक चालतो, म्हणजे ०.०३ मिलिमीटरच्या आसपास. तो न मोजता ‘हातोडीने बसवून देतो’ म्हणणारे आहेत. हे काम जवळ होत नसेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्यात घेऊन जा, प्रवासाचा खर्च परवडतो. पुण्याच्या नाना पेठेत सील, बेअरिंग, पॅकिंग बघता येईल. क्रँकची सील घेताना पुठ्ठ्याच्या खोक्यावर भाळू नका; जुना माल म्हणून विकतात ते रबर तुमच्या गाडीतल्याइतकंच म्हातारं असू शकतं. हल्लीच्या पेट्रोलला टिकणारी विटन नावाच्या रबराची सील मिळाली तर तीच घ्या.

रिबोरबद्दल, म्हणजे सिलिंडर आतून किंचित मोठा कापून घेण्याबद्दल. आधी पिस्टन हातात आणा, मग बोअर करा, तेही दोन्ही सिलिंडर एकाच साइजला. साइज पाव-पाव मिलिमीटरने वाढतात. बोअर साफ होईल तेवढंच जा. आणि लेथवाल्याला एक गोष्ट बजावून सांगा: बोअर झाल्यावर पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या, कडा घासून गोल करायच्या. बोअर करताना त्या कडा धारदार होतात, फोर स्ट्रोकवर हात बसलेला माणूस हे विसरतो, आणि रिंग त्या कडेत अडकून तुटते. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे.

इग्निशन पॉइंटचं, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या जोडीचं आहे, प्रत्येक सिलिंडरला वेगळा सेट. गॅप ०.३ ते ०.४ मिलिमीटर, आधी गॅप आणि मग टायमिंग; पिस्टन वर पोहोचण्याआधी २ मिलिमीटरला ठिणगी, प्लगच्या भोकात डायल गेज घालूनच, आणि दोन्ही सिलिंडरचं स्वतंत्र लावून. कानाने टायमिंग लावणारे उस्ताद मला ठाऊक आहेत. माझ्या गाडीला मी त्यांना हात लावू देत नाही.

ऑइल पंप काढून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळा असा सल्ला हमखास मिळेल. पंप चालत असेल तर ठेवा. आंबा घाट उतरताना ॲक्सिलेटर बंद करून गाडी गिअरवर सोडली की पेट्रोल जेमतेम जातं, म्हणजे मिसळलेलं ऑइलही जेमतेम, आणि इंजिन मात्र गरगरत असतं. पंप अशा वेळीही थोडं ऑइल देतच राहतो. फक्त पहिल्या टाकीला दोन्ही करा, पंपही आणि मिश्रणही, कारण पंपाच्या नळीतली हवा निघाली की नाही याची खात्री तेव्हाच होते.

पेट्रोल आता इथेनॉल मिसळलेलं, वीस टक्क्यांपर्यंत. त्यात ऑक्सिजन असल्यामुळे मिश्रण आणखी पातळ होतं. एअर कूल्ड टू-स्ट्रोकला ते सोसत नाही. मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं मुख्य भोक) एखाददोन नंबर मोठा घालून प्लगचा रंग बघा, बदामी आला पाहिजे. गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर कार्बोरेटरचे फ्लोट बाउल (पेट्रोल साठतं त्या वाट्या) रिकामे करा. मूळ एअर बॉक्स काढून जाळीचे फिल्टर लावू नका. आवाज छान येतो, जेटिंगची वाट लागते. टाकीतला गंज सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने निघतो. नंतर सोड्याच्या पाण्याने धुवा आणि वाळल्यावर आतून ऑइलचा हात फिरवा.

क्रोम आणि रंग शेवटी. त्याआधी ब्रेक, कारण पुढे ड्रम आहे, आणि एवढ्या पिकअपच्या गाडीला तो नवाकोरा असतानाही कमीच पडायचा. लायनर नवे घ्या, ड्रम गोल आहे का हे लेथवर तपासा.

आणि हे सगळं करण्याआधी आरसी काढून इंजिन आणि चॅसिसचा नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून बघा, काकांच्या नावावर ती अजून ॲक्टिव्ह आहे का हेही परिवहनच्या साइटवर पाहा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं, वर पर्यावरण कर. नंबर जुळत नसतील तर क्रँकवर एक रुपयाही घालू नका.

रोज ऑफिसला? नाही. सिग्नलला उभी राहून राहून प्लग काळे पडतात, उन्हाळ्यात इंजिन तापतं, आणि मायलेजबद्दल न बोललेलंच बरं. रविवारी पहाटे साताऱ्याहून कासपर्यंत जाऊन या, तेवढ्यासाठी ती आहे.