एक शब्द धरून वाच

प्रिय,

आधुनिक इस्लामी विचारवंतांची तुझी वाचनाची यादी मिळाली. अरकून, जाब्री, सरूश, फझलुर रहमान... दमलो. ती बाजूला ठेव आणि यंदा फक्त इजिप्तचे कुराणाचे अभ्यासक नस्र हामिद अबू झैद यांना वाच.

त्यांच्या खटल्याची गोष्ट तुला ठाऊक असेलच. १९९५ मध्ये कैरोच्या अपील न्यायालयाने त्यांना धर्मत्यागी ठरवलं आणि पत्नी इब्तिहाल यूनिस यांच्याशी झालेला विवाहच रद्द केला. दोघं देश सोडून नेदरलँड्समधल्या लायडनला गेले. मी वर्गात हे फार रंगवून सांगायचो, आणि मुळात त्यांचं म्हणणं काय होतं ते सांगेपर्यंत तास संपायचा.

तू 'नस्स' हा एकच शब्द धर. आजच्या अरबीत नस्स म्हणजे संहिता, मजकूर. जुन्या फिकहच्या, म्हणजे इस्लामी धर्मकायद्याच्या, शास्त्रात मात्र नस्स म्हणजे ज्यातून दुसरा अर्थ निघूच शकत नाही असं उघड वचन. 'नस्स असेल तिथे इज्तिहाद नाही', म्हणजे स्वतंत्र विचाराने निर्णय काढायला वाव नाही, हे सूत्र या दुसऱ्या अर्थावर उभं आहे. अबू झैद दाखवतात की आजचे धार्मिक वक्ते दोन्ही अर्थांची सरमिसळ करतात. अख्खं कुराणच नस्स, म्हणजे विचाराला जागाच नाही! जुन्या हिशेबाने असे नस्स मोजकेच. कुराण ईश्वरी आहे हे ते नाकारत नव्हते. ते सातव्या शतकातल्या अरबांच्या भाषेत आलं, तेव्हा भाषेच्या साधनांनीच वाचावं लागेल, एवढंच म्हणत होते.

आपल्याकडे असं काही वाचलं की लगेच हमीद दलवाई आठवतात. ती घाई करू नकोस. दलवाईंचं भांडण कायद्याशी आणि राजकारणाशी होतं, तलाकपीडित बायकांसाठी होतं. अबू झैद वाक्याच्या आत शिरून भांडतात. सुधारक आणि सनातनी हा आपला आगरकरांपासूनचा साचा तिथे तोकडाच पडतो. त्यांच्या विरोधकांनाही वाच, आणि चिडून नको. त्यातले काही अरबी व्याकरण तुझ्या-माझ्यापेक्षा कितीतरी अधिक जाणतात.

आणखी एक. अखेरच्या दशकात अबू झैद स्वतःच 'संहिता' या कल्पनेपासून दूर गेले. कुराण म्हणजे एक ग्रंथ नव्हे, अनेक संवाद, असं म्हणू लागले. पहिल्या भूमिकेत त्यांना काय अडलं असेल? दिवाळीपर्यंत यावर दोन पानं लिहून पाठव. नावं जितकी कमी तितकं बरं.

तुझा,
सर