आप्पांचा विषय घरात काढायचा की नाही?

"बाबा गेल्यापासून आम्ही घरात त्यांचं नावच काढत नाही, काढलं की आई रडते. हे बरोबर करतोय ना आम्ही?" हा प्रश्न मला खूप जण विचारतात. कधी मुलगा विचारतो, कधी सून, कधी ठाण्याला दिलेली लेक फोनवर हळू आवाजात विचारते. मी वाशीला समुपदेशन करते. आज एका घराचा अनुभव सांगते, त्यांची परवानगी घेतलीये आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

पहिल्यांदा मुलगा एकटाच आला होता. तिशीतला, महापेला एका कंपनीत नोकरी, घर कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत. वडील दिवाळीच्या आधी हार्ट अटॅकने गेले, आणि आता जून तोंडावर आला तरी आई सावरत नाही म्हणून तो काळजीत होता. आई नीट जेवत नाही, दुपारी भिंतीकडे तोंड करून पडून राहते, नातीशी सुद्धा फारसं बोलत नाही. "आम्ही सगळी काळजी घेतो मॅडम. आप्पांचे कपडे गावी पाठवून दिले, फोटो आतल्या खोलीत लावला, त्यांचे टाळ पण माळ्यावर टाकले. आठवण येईल असं काही समोर ठेवलंच नाही." हे सगळं त्याने आईवरच्या मायेने केलं होतं, त्यात मला काही शंका नाही.

मी म्हटलं, आप्पांबद्दल सांगा की. तर म्हणाला, "माथाडी होते. वारकरी होते. देवमाणूस होते." आणि गप्प. ज्या माणसाने तीस-पस्तीस वर्षं रात्री जागून, भाजी मार्केटात गोण्या उचलून घर चालवलं तो तीन वाक्यांत संपला, आणि हे मला आईच्या न जेवण्याइतकंच काळजीचं वाटलं.

पुढच्या वेळी मी आई, मुलगा आणि कळव्याला राहणारी मुलगी अशा तिघांना बोलावलं. आई पदर घट्ट धरून खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या, मुलगा त्यांच्याकडे बघत होता की आता कधी रडतायत. मी त्यांना कसं वाटतंय वगैरे काही विचारलं नाही. अशा वेळी "बरं वाटतंय" एवढंच उत्तर येतं, समोरचं माणूस आपल्याला त्रास नको म्हणून तेच सांगतं. मी विचारलं, "काकू, आप्पा मार्केटमधून घरी आले की आधी काय करायचे?"

काकू जरा थांबल्या, मुलाकडे बघितलं आणि बोलायला लागल्या. आधी बाहेरच पाय धुवायचे, मग पाठीला तेल, ते पण काकूंनीच लावायचं कारण खांद्यामागे जिथे गोणी टेकते तिथे स्वतःचा हात पोचत नाही, मग आंघोळ, मग देवापुढे बसून हरिपाठाचे चार अभंग, आणि मग भाकरी. बाकीचा हरिपाठ संध्याकाळी, कारण सकाळी डोळे मिटायला लागायचे. "आन् एवढं दमून आलं तरी पिशवीत कायतरी असायचंच लेकरांला. वाटाण्याच्या शेंगा म्हना, गाजर म्हना. रिकाम्या हातानं कदी आलं न्हाईत."

त्यानंतर अर्धा-पाऊण तास त्याच बोलत होत्या. पाटण तालुक्यातल्या डोंगरातलं गाव, पावसाळी भाताशिवाय काही नाही, म्हणून आप्पा मिसरूड फुटायच्या आत मुंबईला आले. भायखळ्याच्या भाजी बाजारात चुलत्याच्या ओळखीने माथाडींच्या टोळीत लागले, दहा-बारा जण एका खोलीत, जेवण खानावळीत, पगारातलं निम्मं मनीऑर्डरने गावाला. 1996 ला भाजी मार्केट वाशीला आलं तेव्हा टोळी पण आली आणि मग काकू आणि मुलं गावावरून इकडे आली.

माथाडी म्हणजे नुसतं ओझं उचलणं असं आपल्यातल्या बऱ्याच शिकलेल्या लोकांना वाटतं. पण अण्णासाहेब पाटलांनी या लोकांना एकत्र केलं, 1969 ला माथाडी कायदा झाला, मजुरी माथाडी बोर्डात जमा व्हायला लागली आणि तिथून पगार, फंड, ग्रॅच्युइटी हक्काने मिळायला लागली, यामागे केवढा लढा आहे. आप्पांना याचा फार अभिमान होता, बँकेत फॉर्म भरताना धंदा या रकान्यात हमाल लिहू द्यायचे नाहीत, नोंदीत माथाडी कामगार लिहा म्हणायचे. हे मुलीने सांगितलं, आणि सांगता सांगता ती हसली. मग काकू पण हसल्या. मग रडल्या.

मुलगा लगेच उठला पाणी आणायला. मी त्याला हाताने बसवलं. काकू पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "रडू दे रं. इतकं म्हैनं मला बोलायलाच कुनी न्हवतं. तुमी समदी गप, म्हनून मी बी गप."

हाच त्या घराचा सगळा प्रश्न होता असं माझं मत आहे. मुलांना वाटत होतं आई रडेल म्हणून बोलायचं नाही, आईला वाटत होतं मुलांना त्रास होईल म्हणून बोलायचं नाही. मुलगी म्हणाली की आम्हाला लहानपणापासून सवयच आहे, आप्पा दिवसा झोपायचे ना, त्यामुळे दुपारी घरात आवाज करायचा नाही, भांडं सुद्धा वाजवायचं नाही. ते गेले तरी आम्ही अजून तसेच वागतोय.

मुलीने मोबाईलवर दुःखाच्या पाच स्टेज वाचल्या होत्या, आई कुठल्या स्टेजला आहे असं तिने विचारलं. तर त्या पाच अवस्था एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी 1969 ला मांडल्या त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून, मागे राहिलेल्या माणसांना त्या नंतर लावल्या गेल्या आणि त्या पायऱ्यांसारख्या एकामागून एक येतात असं काही नसतं. पूर्वी असंही मानायचे की गेलेल्या माणसापासून मन हळूहळू सोडवून घेतलं की झालं, 1917 ला फ्रॉइडने साधारण तसंच लिहिलंय. पण 1996 मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी दाखवून दिलं की माणूस गेला तरी त्याच्याशी नातं वेगळ्या रूपात चालू राहतं आणि बहुतेकांच्या बाबतीत ते आजारपण नसतं. आपल्याकडे तर पितृपक्षात पान वाढायची पद्धत आहे, त्याच्या आवडीची भाजी आठवून केली जाते, म्हणजे आपल्या आज्यांना हे माहितीच होतं. स्ट्रोब आणि शुट यांनी 1999 ला आणखी एक गोष्ट सांगितली जी मला रोज कामाला येते, माणूस थोडा वेळ दुःखात असतो, थोडा वेळ रोजच्या कामात, आणि असं येत-जात राहणं हेच बरं असतं. म्हणून काकू रडल्या आणि पाच मिनिटांनी "घरी जाताना कोथिंबीर घ्यायचीय" म्हणाल्या तर त्यात काही विचित्र नाही.

आता मुलाचं. तिसऱ्या भेटीत मी सगळ्यांना सांगितलं होतं की आप्पांची एक अशी गोष्ट सांगा जी फोटोसमोर कोणी बोलत नाही. खूप वेळ कोणी बोललंच नाही. मग मुलगा एकदम म्हणाला, "माझ्या डिप्लोमाच्या फीची तारीख होती आणि त्यांनी साठवलेले पैसे गावच्या देवळाच्या सभामंडपाला देऊन टाकले. मला मित्राकडून उसने घ्यावे लागले." त्याचा आवाज चढला होता, आणि लगेच घाबरून आईकडे बघितलं. मला वाटलं काकू आता त्याला गप्प करतील. त्या म्हणाल्या, "व्हय. चुकलंच त्यांचं. मी बी भांडलं हुतं, दोन दिस बोलले न्हवते त्यांच्याशी. देवाला दिलं म्हनून काय झालं, पोराचं आधी बगाय पायजे हुतं." आणि तो एवढा मोठा माणूस तोंडावर हात धरून रडला, वडील गेल्यापासून पहिल्यांदा.

मला हे आवर्जून सांगायचंय कारण आपल्याकडे गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात आणि त्या नादात आपण त्याच्याबद्दल खरं बोलायचंही सोडून देतो. राग गिळून बसलेला माणूस प्रेम पण नीट आठवू शकत नाही, हे मी कितीतरी वेळा बघितलंय. त्या दिवशी रडून झाल्यावर त्याच मुलाने सांगितलं की आप्पा त्याला एकदा रात्री मार्केटला घेऊन गेले होते, कोबीच्या गोण्यांच्या थप्पीवर बसवलं होतं, आणि टोळीतल्या प्रत्येकाला "हा माझा थोरला" म्हणून दाखवत होते.

तुमच्या घरी असं असेल तर एकदम सगळ्यांना बसवून आठवणी काढायला लावू नका, ते शोकसभेसारखं होतं. जेवताना सहज एखादं वाक्य टाका, "आप्पांना ही भाजी तिखट लागायची नाही?" एवढंच. आई रडली तर जवळ बसा, पाणी आणायला पळू नका. लहान मुलांना आजोबा गावाला गेलेत किंवा झोपलेत असं सांगू नका, ती वाट बघत बसतात, किंवा झोपायलाच घाबरतात. वारले, आता परत येणार नाहीत, पण आपण त्यांच्याबद्दल बोलू शकतो, असं साध्या शब्दात सांगा. आणि हेही सांगते, वर्ष उलटून गेलं तरी रोजची कामं होत नसतील, जेवण-झोप पार बिघडलेली असेल तर नुसत्या गप्पांवर सोडू नका, मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा. आणि जगून काय करू असं तोंडात येत असेल तर वर्षाची वाट बघत बसायचं नाही, लगेच दाखवायचं. सरकारची टेलि-मानस हेल्पलाईन 14416 आहे, मराठीत बोलता येतं. काकूंच्या बाबतीत ती वेळ आली नाही, बोलणं सुरू झाल्यावर जेवण हळूहळू सुधारलं.

मग वारीचा विषय निघाला. आप्पा दरवर्षी खाडे करून लोणंदला माऊलींच्या पालखीत सामील व्हायचे आणि तरडगाव करून फलटणपर्यंत चालायचे. जास्त दिवस परवडायचे नाहीत, कामावर नाही तर मजुरी नाही. वाटेत चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं ते बघितल्याशिवाय त्यांचं वर्ष सुरू व्हायचं नाही म्हणे. काकूंना या वर्षी तेवढंच चालायचं होतं. मुलाची आत्या म्हणाली वर्षाच्या आत देव-देव करायचा नसतो, मुलाला आईच्या गुडघ्यांची भीती. धर्मात काय चालतं हे मी कोण सांगणार, मी म्हटलं आप्पांच्या दिंडीतल्या जुन्या माणसाला विचारा. ते म्हणाले नेमाची वारी चुकवायची नसते, घेऊन या त्यांना, थकल्या तर दिंडीचा ट्रक आहे.

मुलगी रजा टाकून बरोबर गेली. काकू तरडगावपर्यंत चालल्या, पुढे ट्रकने गेल्या, माळ्यावरचे टाळ खाली काढून पिशवीतून नेले होते. मुलगा गेला नाही. तो म्हणाला मला अजून देवळाचं नाव काढलं की ती फी आठवते, मी उगाच तिथे जाऊन हात जोडणार नाही. आई म्हणाली नको येऊ, पण आमी तितं पोचलो की फोन करीन तेवढा उचल. त्याने उचलला. तो आता माझ्याकडे एकटाच येतो, सभामंडपाबद्दल बोलायला, आणि आमचं ते बोलणं अजून चालू आहे.