पुसलं तरी परत उगवणारा व्हायरस

प्रश्न : मी इंदूरला लोकमान्यनगरात राहते. मंडळाच्या गणेशोत्सवाची पत्रिका मराठीत टाइप करायची होती म्हणून पुतण्याने नेटवरून एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून दिलं. तेव्हापासून पडद्याच्या कोपऱ्यात ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस आहेत’ अशी पाटी येते, क्रोम उघडलं की भलतंच पान येतं आणि मधूनच एक काळी चौकट चमकून जाते. अँटिव्हायरसने तीनदा साफ केलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. जेलरोडवरचे दुकानदार म्हणतात, फॉरमॅट मारावं लागेल, आतलं सगळं जाईल. आत सासूबाईंच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. काय करू?

उत्तर : ताई, ओव्या आधी. बाकीचं उद्या झालं तरी चालेल.

नेटची वायर काढा, वायफाय बंद करा. मग कोऱ्या पेनड्राइव्हवर फक्त ओव्यांच्या आणि फोटोंच्या फाइली घ्या, सबंध फोल्डर उचलू नका. त्याआधी फोल्डरच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करा, म्हणजे नावाचं शेपूट दिसेल. शेवटी एमपी३ किंवा जेपीजी असेल तर घ्या. ईएक्सई, म्हणजे चालणारा प्रोग्राम, दिसलं तर हात लावू नका, नाव कितीही ओळखीचं असो. हा पेनड्राइव्ह स्कॅन केल्याशिवाय दुसऱ्या कॉम्प्युटरला लावायचा नाही.

आता व्हायरस परत का येतो ते. अँटिव्हायरस चोराला पकडतो, पण चोराला रोज दार उघडून देणारा घरातच राहतो. गेल्या दिवाळीत रामबागेत माझ्या मामांकडे हेच झालं होतं. तीन संध्याकाळी मी फाइली पुसत बसलो. काळी चौकट दिसली की मामा भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने वेळ लिहून ठेवत होते : ९.१०, १०.१०, ११.१०. त्या आकड्यांनीच सुटका केली. स्टार्टमध्ये ‘टास्क शेड्युलर’ (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी विंडोजची सोय) टाइप करून उघडलं, डावीकडच्या ‘लायब्ररी’त ‘अपडेट’सारखं साळसूद नाव लावलेलं एक काम दर तासाला, दहा मिनिटांवर लावलेलं होतं. ‘ॲक्शन्स’मध्ये पाहिलं तर ते मामांच्या ‘ॲपडेटा’ फोल्डरमधली एक फाइल चालवत होतं. पुसलेलं सगळं तीच फाइल नेटवरून परत आणत होती. आधी ते काम काढलं, मग फाइल. काळी चौकट त्यानंतर आली नाही.

तुम्हीही चौकटीच्या वेळा टिपा. ‘ॲपडेटा’तून चालणारं प्रत्येक काम वाईटच असतं असं नाही, काही चांगले प्रोग्रामही तिथे राहतात. म्हणून वेळ जुळते का आणि त्या कामाची तारीख ते सॉफ्टवेअर टाकल्याच्या दिवसाची आहे का, हे दोन्ही बघा. ते टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि त्या दिवशी न सांगता आलेलं जे काही असेल ते ‘ॲप्स’मधून काढून टाका.

क्रोमचं भलतं पान बहुधा एक्स्टेन्शनमुळे, म्हणजे क्रोमला जोडलेल्या छोट्या प्रोग्राममुळे येतं. मामांकडे ते काढलं आणि सकाळी परत हजर! त्यांच्या मुलाच्या लॅपटॉपवर तेच गूगल खातं होतं, सिंकमधून, म्हणजे एका खात्याचं क्रोम सगळीकडे सारखं ठेवणाऱ्या सोयीतून, ते पुन्हा उतरत होतं. म्हणून आधी सिंक बंद करा आणि ते खातं जिथे जिथे उघडलं आहे, तिथून सगळीकडून ते एक्स्टेन्शन काढा.

कोपऱ्यातली पाटी तर बहुतेक वेळा व्हायरस नसतेच. कुठल्यातरी साइटला ‘अलाव’ म्हटलं गेलेलं असतं. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये ‘नोटिफिकेशन्स’ उघडा आणि अनोळखी नावं काढा. पाटीवर फोन नंबर असेल तर कृपा करून लावू नका. कुणी पैसे काढलेच, तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करायचा.

मग नेट जोडा, अँटिव्हायरस अपडेट करा आणि विंडोज सिक्युरिटीच्या ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ चालवा. उघडी कामं सेव्ह करून ठेवा, कारण कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. विंडोज उठण्याआधीच ही तपासणी होते, त्यामुळे चालू विंडोजमध्ये लपून बसणाऱ्याला लपता येत नाही. साधारण पंधरा मिनिटं लागतात. पेनड्राइव्ह यानंतर तपासा. बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड मात्र फोनवरून बदला, त्या कॉम्प्युटरवरून नाही.

इतकं करूनही आठवड्यात तो परत आला, तर दुकानदारांचं ऐका. ओव्या पेनड्राइव्हवर आहेत, आता फॉरमॅटची भीती नाही. फक्त विंडोज मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून, दुसऱ्या निरोगी कॉम्प्युटरवर, ८ जीबीच्या वेगळ्या पेनड्राइव्हमध्ये उतरवायला सांगा, ‘क्रॅक’वालं, म्हणजे चोरीचं, नको. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा मशीनला झेपत असेल तर ११ च टाका.

आणि पुतण्याला रागावू नका. मराठी टायपिंगसाठी काही उतरवावंच लागत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नसणार. २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून विंडोज १० मध्येच मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आहे. सेटिंग्जमध्ये भाषा म्हणून मराठी जोडा, तिच्या ‘ऑप्शन्स’मधून ‘मराठी फोनेटिक’ निवडा. विंडोजचं बटण दाबून स्पेस मारलं की इंग्रजीवरून मराठीत. पत्रिका तिथेच टाइप करा.