पोहता येत नसताना जेटस्कीवर बसावं का? तारकर्लीला निघालेल्या ताईंसाठी

ताई, तुम्ही सगळं नीट लिहून विचारलंत, म्हणून मीही जरा सविस्तर लिहिते. नाताळच्या सुट्टीत तुम्ही चौघं जुळे सोलापुरातून तारकर्लीला निघालाय. आठवीतल्या मुलाने जेटस्कीचा, म्हणजे पाण्यावर पळणाऱ्या स्कूटरसारख्या मशीनचा हट्ट धरलाय, तुम्हाला पोहता येत नाही, साहेबांच्या मणक्यात गॅप आहे आणि उजनी धरणातल्या बोटीच्या दुर्घटनेपासून सासूबाई पाण्याचं नाव काढू देत नाहीत. बसावं का, आणि बसायचं तर काय बघून बसावं, एवढंच तुम्हाला हवंय.

माझं माहेर मालवणचं, लग्न होऊन सोलापूरला आले. त्यामुळे इकडच्या कुणाला ना कुणाला घेऊन तिकडे जाणं होतंच, आणि किनाऱ्यावर उभं राहून हे सगळं बघणंही. माझं मत विचाराल तर तुम्ही आणि मुलगा खुशाल बसा, साहेबांनी बसू नये. पोहता येतं की नाही यापेक्षा लाइफ जॅकेट अंगाला घट्ट बसलंय की नाही, याला इथे जास्त महत्त्व आहे. आपल्याकडे विहिरीत नाहीतर तलावात पोहायला शिकलेले लोक समुद्रावर जास्त बेफिकीर वागतात, ते मी बघितलंय. विहिरीचं पाणी जागच्या जागी असतं. समुद्राचं तसं नाही.

फेरी छोटीच असते. गुडघाभर किंवा कमरेएवढ्या पाण्यात मशीन धरून एक मुलगा उभा असतो, तुम्ही चढता, चालक बरोबर बसतो, सरळ आत जाऊन एक-दोन वळणं घेतो आणि परत आणून सोडतो. पाच मिनिटांच्या आतबाहेर सगळं आटपतं. चालवायचं काम तुमचं नाही, घट्ट धरून बसायचं तुमचं.

तरी ते मशीन चालतं कसं हे माहीत असावं, कारण बरीचशी भीती आणि बरेचसे अपघात तिथूनच येतात. जेटस्कीला बोटीसारखा बाहेर फिरणारा पंखा नसतो. पोटाखालून पाणी आत ओढलं जातं, आतला पंखा ते जोरात मागे फेकतो आणि मागच्या नळीतून सुटणाऱ्या झोतावर मशीन पळतं. हँडल फिरवलं की ती नळी फिरते, झोताची दिशा बदलते आणि मशीन वळतं. याचा अर्थ असा की झोत चालू असेल तरच वळण घेता येतं. रेस सोडली की झोत पडला, मग हँडल कितीही फिरवा, मशीन निघालं त्याच दिशेला घसरत जातं. स्कूटरवर आपण घाबरलो की रेस सोडून ब्रेक दाबतो. इथे बहुतेक मशीनला ब्रेकच नसतो आणि समोर काही आडवं आलं तर रेस देऊनच वळावं लागतं. शिकलेल्या चालकाला हे हातवळणी असतं. नवशिक्याचा हात मात्र नेमक्या वेळी उलटं करतो. म्हणून कितीही घाबरलात तरी चालकाचा हात किंवा हँडल ओढायचं नाही.

आता जॅकेट. घाईत खांद्यावर टाकतील आणि एक बक्कल लावून 'चला' म्हणतील. तुम्ही सगळी बक्कलं लावा आणि पट्टे ओढून घ्या. मग दुसऱ्या कुणाला तरी जॅकेट दोन्ही खांद्यांपाशी धरून वर उचलायला सांगा. ते हनुवटीच्या, कानाच्या वर सरकलं तर ढिलं आहे. पाण्यात पडल्यावर ते असंच वर जाईल आणि माणूस खाली राहील. मुलाला मोठ्या माणसाचं जॅकेट घालून पट्टे आवळून देतात, ते चालवून घेऊ नका. त्याच्या मापाचं मागा, नसेल तर पुढच्या माणसाकडे जा. फाटलेलं, आतला फोम दाबून दाबून चपटा झालेलंही नको. श्वास घेताना थोडं आवळल्यासारखं वाटलं की बरोबर बसलं असं समजा.

जॅकेटनंतर चालकाच्या मनगटाकडे बघा. तिथे एक वेटोळी, ताणली की लांब होणारी दोरी असायला हवी, बहुधा लाल रंगाची. तिच्या एका टोकाची चिमटी इंजिन बंद करायच्या बटणाखाली बसवलेली असते आणि दुसरं टोक मनगटाला किंवा जॅकेटला अडकवतात. चालक पडला की चिमटी निघते आणि इंजिन जागेवर बंद पडतं. मागे एकदा एका मशीनवर ही चिमटी बटणाखाली होती, पण मनगटात असायचं ते टोक हँडललाच दोन वेढे देऊन ठेवलेलं होतं. माझी भाची पाय टाकायला निघाली होती. मी म्हटलं, "दादा, दोरी आधी हातात घाल." त्याने हँडलवरचे वेढे सोडले, मनगटातून फास सरकवला, वर ओढून दाखवला आणि म्हणाला, "होय गे बाय, घातलंय." रागावला वगैरे नाही. विचारलं की करतात, विचारणारे कमी असतात. तुम्ही विचारायला अजिबात संकोच करू नका.

बसायचं कसं, यावर किनाऱ्यावर दोन पद्धती दिसतात. काही जण पर्यटकाला पुढे बसवून स्वतः मागून हँडल धरतात, काही जण स्वतः पुढे बसतात. मशीनवरच्या सूचनांमध्ये चालकाच्या पुढे कुणाला बसवू नये असंच असतं, आणि ते बरोबरही आहे. पुढे बसलेल्याचं तोंड हँडलवर आपटू शकतं. पुढे बसून फोटो छान येतो म्हणून आग्रह करतील, तरी तुम्ही आणि मुलगा मागेच बसा, चालकाच्या कमरेला किंवा त्याच्या जॅकेटच्या पट्ट्याला धरा. परक्या माणसाला धरायचं म्हणून आपल्या बायका नुसतं सीटच्या कडेला बोटं टेकवून बसतात आणि मशीन एकदम सुटलं की मागे पडतात. मुलाचे दोन्ही पाय खालच्या फळीवर पूर्ण टेकले पाहिजेत, आठवीतला आहे म्हणजे टेकतील. दोघांनी एकाच मशीनवर बसायची गरज नाही, एकेक जा. वजन कमी असलं की मशीन स्थिर राहतं आणि किनाऱ्यावरच्या माणसाचं लक्षही एकावरच राहतं.

मागे पडण्याबद्दल आणखी एक सांगते, हे सहसा कुणी सांगत नाही. मागच्या नळीतून येणारा झोत फार जोराचा असतो. त्याच्या अगदी जवळ, पाय फाकलेल्या अवस्थेत पडलं तर पाणी शरीरात घुसून आतल्या अवयवांना गंभीर इजा होऊ शकते, बायकांना जास्त. मशीनवरच्या इशाऱ्यांमध्ये म्हणूनच वेटसूटची, म्हणजे अंगाला घट्ट बसणाऱ्या जाड रबरी पोशाखाची पँट घालायला सांगतात, साधा पोहण्याचा पोशाख पुरत नाही. तिथे वेटसूट मिळाला तर जरूर घाला. नाही मिळाला तर निदान जाड, अंगाला घट्ट बसणारी पँट घाला आणि चालकाला निघतानाच सांगा, "हळू उचल, एकदम रेस देऊ नको." मागे न पडणं हाच यावरचा खरा उपाय आहे.

कपड्यांचं म्हणाल तर ओढणी, सैल सलवार, लटकणाऱ्या नाड्या काही नको. पोटाखालून पाणी ओढलं जातं तिथे कापड आणि मोकळे केस अडकू शकतात. केसांची घट्ट वेणी घालून ती जॅकेटच्या आत घ्या. मंगळसूत्र सासूबाईंकडे काढून द्या. चष्मा असेल तर मागून दोरी बांधा. मोबाईल किनाऱ्यावर साहेबांच्या हातात, ते शूटिंग करतील. आणि टॉवेल आपल्या सोलापूरचेच न्या, हॉटेलातल्या पातळ टॉवेलने समुद्राचं पाणी टिपलं जात नाही.

पडलात तर घाबरायचं कारण नाही. जॅकेट तुम्हाला वर आणतंच, फक्त तोंड बंद ठेवा आणि पाठीवर रेलून हात वर करा. मशीनच्या मागे हातपाय मारत जाऊ नका, चालक वळून तुमच्याकडे येईल. चढायचं ते मागच्या बाजूने, एका वेळी एकाने, आणि इंजिन पूर्ण बंद झाल्यावरच. इंजिनचा आवाज येत असेल तर मागे जायचं नाही, त्याने बोलावलं तरी. तीन-साडेतीनशे किलोचं धूड असतं ते, लाटेवर वरखाली होताना त्याच्या पुढेही राहू नये.

सासूबाईंची भीती मी समजू शकते. २१ मे २०२४ ला उजनीत कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट संध्याकाळी सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. आपल्या जिल्ह्याच्या मनातून ते इतक्यात जाणार नाही आणि जाऊही नये. त्यांना 'काही होत नाही हो' म्हणून गप्प करू नका. किनाऱ्यावर न्या, जॅकेट त्यांच्या हाताने ओढून बघू द्या. पाण्यावर जायचं तर वारा बघून, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळलेलं आहे.

वाऱ्याचं गणित शाळेच्या भूगोलातलंच आहे. दिवसा जमीन तापली की समुद्राकडून खारे वारे येतात, रात्री जमिनीकडून मतलई वारे वाहतात. त्यामुळे हिवाळ्यात सकाळी समुद्र बऱ्यापैकी शांत असतो, दुपारनंतर वारा वाढतो आणि पाणी खडबडीत होतं. जेटस्की सकाळी नऊ-दहालाच उरकून टाका. नाताळात गर्दी दुपारी तुटून पडते, म्हणजे रांगही वाचेल. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी जास्त चढतं आणि जास्त ओढतं. भरतीची वेळ काढायला किनाऱ्यावर जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट करायची. पंधराच्या पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे पौर्णिमेला साधारण सव्वाअकराच्या सुमाराला पूर्ण भरती. किनाऱ्यागणिक थोडा फरक पडतो, पण अंदाजाला पुरतं. ओहोटी लागली की तारकर्लीच्या पुढे देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी पाणी समुद्राकडे जोरात खेचतं. मुलाला तिथे नुसतं पाय भिजवायलाही एकटं सोडू नका, जेटस्कीपेक्षा मला त्या जागेची काळजी जास्त वाटते.

साहेबांना मात्र नाहीच म्हणा. लाटेवरून मशीन उचलून आपटतं तेव्हा सगळा दणका कमरेत बसतो. धडधाकट माणसालाही गुडघे वाकवून सीटवरून किंचित उठून तो पायांवर घ्यावा लागतो. गॅप असलेल्या मणक्याला एक दणका पुरे होतो, आणि मग सोलापूरपर्यंतचा गाडीचा प्रवास कसा करणार? गरोदर बाई, नुकतं ऑपरेशन झालेला माणूस, हृदयाचा त्रास असलेला, यांनीही बसू नये. बनाना राइड आणि बंपर, म्हणजे बोटीमागे ओढत नेतात ते हवेचे फुगे, तेही साहेबांना नको, बनानावरून तर मुद्दाम पाडतात. त्यांना आणि सासूबाईंना मालवणच्या जेट्टीवरून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर न्या. महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम सुरू केलं. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे. सासूबाई तिथे रमतील. होडीतही जॅकेट घालायचंच.

पैशाचं थोडक्यात. चार-पाच खेळांचं पॅकेज गळ्यात मारतील, त्यातले साहेबांना चालणारे किती हे आधी मोजा. सुटी फेरी घ्यायची तर किती मिनिटं, चालक बरोबर असणार का, जॅकेट धरून किती, हे पैसे द्यायच्या आधी बोलून घ्या. महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी आणि विमा आहे का ते विचारा. परवानगी असलेला माणूस कागद दाखवायला कां-कूं करत नाही. पावसाळ्यात, साधारण मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत हे खेळ बंद असतात. त्या काळात कुणी 'गुपचूप फिरवतो' म्हणालं तर तिथून सरळ निघा. तुम्ही डिसेंबरात जाताय, ते उत्तम.

एक मुद्दा राहिला, मुलाने हँडल मागितलं तर. मागणारच, आणि चालकही 'घे थोडं' म्हणेल. नाही म्हणा. बनवणाऱ्या कंपन्या सोळा वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती मशीन देऊ नका असंच सांगतात, आणि रेस सोडली की वळत नाही हे त्या वयात ऐन वेळी सुचत नाही. त्याला हे घरूनच सांगून न्या, किनाऱ्यावर रडारड नको. एवढीच आवड असेल तर मोठा झाल्यावर गोव्याला राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत रीतसर शिकता येईल. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची संस्था आहे ती.

सांगोला-मिरजमार्गे कोल्हापूर आणि पुढे फोंडा घाटाने उतरणार असाल तर पोचल्या दिवशी पाण्यात जाऊ नका, अंग आंबलेलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी हलकं खाऊन जा. नक्की कुठल्या तारखेला तिथे आहात ते इथेच लिहा, तिथी बघून भरतीची वेळ काढून देते.