आजी शेवटी का जेवते?

चि. पिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये यान स्टेनच्या ‘आनंदी कुटुंब’ या चित्रासमोर तू विचारलंस, “इथली आजी सगळ्यांबरोबर टेबलाशी बसलीये. मग आपली आजी साताऱ्याला शेवटी का जेवते?” ट्रेनच्या गडबडीत याचं उत्तर उरकायचं नव्हतं, म्हणून हे पत्र.

आधी चित्र. ते १६६८ सालचं. बाबा पेला उंचावून बेंबीच्या देठापासून गातोय, आई आणि आजी साथ देतायत, पोरं वाद्यं फुंकतायत, चिलीम ओढतायत, खाली भांडी पडलीयेत. डच लोक पसारा असलेल्या घराला ‘यान स्टेनचं घर’ म्हणतात, ते अशाच चित्रांवरून. पण त्या काळची सगळी डच घरं अशी होती असं समजू नकोस. लायडनचा हा चित्रकार हसवता हसवता कान उपटणारा. चित्रात एक चिठ्ठी टांगलेली आहे : मोठे जसं गातील, तशीच पोरं वाजवतील. म्हणजे मोठ्यांनो, जपून वागा, पोरं बघतायत.

आता आपली पंगत. गौरीपूजनाच्या दिवशी घर माणसांनी भरतं आणि माजघरात सगळी पानं एकदम मांडता येत नाहीत. पुरणपोळी तव्यावरून उतरली की पानात पडायला हवी, वर तुपाची धार हवी. म्हणजे कुणीतरी तव्यापाशी हवं, कुणीतरी वाढायला हवं. म्हणून पंगती दोन-तीन होतात. इथवर मला सगळं पटतं. ‘वदनी कवळ घेता’ एका सुरात म्हणणं, “अजून अर्धी तरी घ्या” हा आग्रह, हे मला इथे राहून फार आठवतं आणि ते टिकावं असं मनापासून वाटतं.

पण तव्यापाशी कुणी उभं राहायचं, हे काही तव्याने ठरवलेलं नाही. पहिली पंगत पुरुषांची, पाहुण्यांची, मुलांची आणि बायकांची सगळ्यात शेवटी. तोवर पोळ्या गार झालेल्या, कोशिंबिरीला पाणी सुटलेलं, अळूच्या भाजीतले काजू संपलेले आणि आग्रह करणारे सगळे वामकुक्षीला गेलेले. आजी पहाटेपासून उपाशी असते. तिला विचारलं तर “मला सवयच आहे” म्हणेल. तिने तिच्या सासूला तसंच पाहिलं. तुझा दादासुद्धा पान मांडलेलं दिसलं की आपसूक बसतो आणि तुला मात्र वाढायला हाक मारतात. त्याला हे कुणी शिकवलेलं नाही, तो बघत आलाय. चित्रातल्या चिठ्ठीत हेच लिहिलंय गं.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं : आजीने शेवटी जेवावं याला आज एकही चांगलं कारण नाही.

यंदा गौरींना आपण साताऱ्यात आहोत. मी आजीला फोनवर सांगितलं, की नैवेद्य झाला की पहिल्या पंगतीत तू बसायचंस. ती म्हणाली, “आणि पोळ्या?” पोळ्या मी लाटेन, बाबा भाजेल, काकांना आणि दादाला वाढायला लावू. बाबा दर रविवारी इथे सराव करतोय, पुरण अजून बाहेर येतं. दादाला तू शिकव : आधी मीठ, मग लिंबू, चटणी आणि कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे, भातावर वरण आणि तूप. आजीच्या पानात काजू जरा जास्त पडू देत.

तुझी,
आई